मोहरीचं खोड पांढरं पडून वाळतंय, नेमका कोणता रोग?

बोरीकाठ | ४ जानेवारी, रात्री ९:१०

राम राम मंडळी. तालुका अमळनेर, काळी जमीन, विहिरीचं पाणी. यंदा पहिल्यांदाच २ एकर मोहरी केली. पेरणी २० ऑक्टोबरची, आज बरोबर ७६ दिवस झाले. फुलं जवळपास संपली, शेंगा भरायला लागल्यात. डिसेंबरअखेरपर्यंत पीक असं उभं होतं की रस्त्यावरची माणसं गाडी थांबवून फोटो काढायची.

गेल्या ५-६ दिवसांत बांधावरच्या निंबाच्या झाडाकडच्या कोपऱ्यात झाडं मधूनच पिवळी पडून वाळताहेत. शेजारचं झाड हिरवंगार, आणि हे एकटंच पिकल्यासारखं. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला पांढुरका पट्टा दिसतो, ओलसर जागी कापसासारखं काहीतरी चिकटलेलं आहे. धरून हलवलं की झाड तिथेच मोडतं. काल मोजली तर शंभराच्या आसपास झाडं गेलीत.

कृषी केंद्रात फोटो दाखवला. त्यांनी एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक आणि एक टॉनिक असं मिळून १८५० रुपयांचं दिलं. अजून फवारलेलं नाही. वडील म्हणतात मारून टाक, उशीर नको. मला आधी कळायला हवं की हे आहे काय. कुणी अनुभव घेतला असेल तर कृपया सांगा.

---

पारोळ्याची_पऱ्हाटी | ४ जानेवारी, रात्री ९:३२

मावा असेल भाऊ. मोहरी म्हटली की मावा आलाच. शेंड्याकडे बघा, चिकटा आहे का?

---

बोरीकाठ | ४ जानेवारी, रात्री ९:४०

मावा थोडा आहे, पण तो शेंड्याला. हे खोडाच्या खालच्या भागात आहे आणि शेंडा नंतर वाळतो.

---

सातपुडा_पायथा | ४ जानेवारी, रात्री १०:०५

पांढरा तांबेरा? आमच्याकडे यावल भागात एकाच्या मोहरीला आला होता. फुलोऱ्याची दांडी सुजून वाकडीतिकडी होते, हरणाच्या शिंगासारखी दिसते.

---

दादरवाला_आप्पा | ४ जानेवारी, रात्री १०:२०

भो, आधी खोड फाडी दखं. दख्याबिगर कसं समजी?

तांबेऱ्याची पांढरी पावडर पानाच्या मागे फोडांत असते आणि दांडी सुजते. इथे सूज नाही, झाड मोडतंय. म्हणजे आतला गाभा गेलाय. दोन झाडं उपट, विळ्याने मधोमध उभी चीर आणि आत काय आहे ते लिही. तोवर १८५० ची पिशवी कपाटात राहू दे, ती कुठे पळून जात नाही. आमच्या दादरला, म्हणजे रब्बी ज्वारीला, खडखड्या रोग लागतो तेव्हाही मी हेच करतो. बाहेरून ताट नुसतं वाळलेलं दिसतं. आत बघितलं की गाभा सुटून दोरे राहिलेले आणि त्यावर कोळशाच्या भुकटीसारखं काळं. तेव्हा कळतं की पाणी तुटलं म्हणून बुरशी शिरली.

---

गिरणाकाठची | ४ जानेवारी, रात्री १०:४१

आप्पांशी सहमत. आणि चिरलेल्या खोडाचा फोटो उजेडात घ्या, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली नको. पांढरं काय आणि फिकट काय ते समजत नाही.

---

बोरीकाठ | ५ जानेवारी, सकाळी ८:१५

आत्ताच वावरातून आलो. ६ झाडं चिरली. आत गाभा नाही, नळी झाली आहे. त्या नळीत काळे कडक दाणे आहेत, अगदी उंदराच्या लेंड्यांसारखे. एका खोडात ११ निघाले. नखाने फुटत नाहीत, विळ्याने कापला तर बाहेरून काळा आणि आतून पांढरा. बाहेरची साल धाग्यांसारखी सुटते. मुळं मात्र चांगली आहेत, कुजका वास नाही.

फोटो टाकलेत. आईने बघितल्यावर तिला वाटलं खोडात उंदीर शिरला होता.

---

विनिपेगहून_चोपडा | ५ जानेवारी, सकाळी ९:५०

फोटो बघून लगेच लिहितोय, इकडे रात्र आहे. मी मूळ चोपड्याचा, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून शिकलो. आता कॅनडात मॅनिटोबा प्रांतात उन्हाळाभर शेतकऱ्यांची कनोलाची शेतं तपासत फिरतो. कनोला म्हणजे आपल्या मोहरीची जवळची बहीण. पानं निळसर, दाणा काळपट, तेल बिनझणझणीत.

भाऊ, ही स्क्लेरोटिनियाची खोडकूज आहे. आत काळ्या गाठी, बाहेर पांढरं पडलेलं खोड, कापसासारखी बुरशी आणि सालीचे धागे, एवढं सगळं एकत्र असेल तर शंका उरत नाही. या गाठींना स्क्लेरोशिया म्हणतात. बुरशीने पुढच्या हंगामासाठी स्वतःचीच शिदोरी बांधून ठेवलेली असते.

आता वाईट बातमी. शेंगा भरताना हे दिसायला लागलं की फवारून काही हाती लागत नाही. बुरशी खोडाच्या आत आहे, तिने गाभा खाल्लेला आहे. शिरकाव झाला तो ३-४ आठवड्यांपूर्वी, फुलोऱ्यात. ते १८५० रुपये परत मिळत असतील तर दुकानात परत करून या.

शिरकाव कसा होतो ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जमिनीच्या वरच्या थरातल्या गाठीला ओल आणि गारवा मिळाला की तिच्यातून बोटाच्या पेरापेक्षाही लहान, चहाच्या रंगाची, कपबशीतल्या बशीसारखी छत्री उगवते. तिच्यातून बीजाणू वर उडतात. पण हे बीजाणू धडधाकट हिरव्या खोडात सहसा शिरू शकत नाहीत, त्यांना आधी मेलेलं, मऊ खाद्य लागतं. ते मिळतं पाकळीत. बीजाणू पाकळीवर बसतो, पाकळी गळते आणि पानाच्या बेचक्यात किंवा खोडाला ओली होऊन चिकटते. तिथे पाकळीवर जेवून बुरशी खोडात उतरते. म्हणून फुलोऱ्यात पिकाच्या आत ओल किती तास टिकते यावर सगळं ठरतं.

तुम्ही फुलोऱ्यात पाणी कसं दिलं? आणि त्या कोपऱ्यात आधी काय होतं?

---

बोरीकाठ | ५ जानेवारी, सकाळी १०:३०

फुलोऱ्यात दोनदा मोकाट पाणी भरलं. तेव्हा लाइट रात्रीची होती, वडील रात्री दारं धरायचे. निंबाकडची बाजू उताराची आहे, तिथे पाणी साचतं. आणि सावलीमुळे सकाळी ११ पर्यंत दव हटत नाही.

आधीचं पीक... आता लिहिताना धडकी भरतेय. गेल्या रब्बीत हरभरा होता. त्याच्या आदल्या वर्षी त्याच कोपऱ्यात १० गुंठे भरताची वांगी होती. हरभऱ्यात तिथलीच झाडं वाळली होती, आम्ही मर म्हणून सोडून दिलं.

---

विनिपेगहून_चोपडा | ५ जानेवारी, सकाळी १०:४५

उत्तर तुम्हीच दिलंत. ही बुरशी ४०० पेक्षा जास्त वनस्पतींवर जगते. वांगी, हरभरा, सूर्यफूल, सोयाबीन, टोमॅटो, कोबी, गाजर सगळं तिला चालतं. मर रोगात हरभऱ्याचं मूळ आणि खोड उभं चिरलं की आत तपकिरी-काळी रेघ दिसते, बाहेर बुरशी नसते. तुमच्याकडे पांढरा कापूस दिसला होता का आठवा.

---

बोरीकाठ | ५ जानेवारी, सकाळी ११:०२

होता. बुडाशी. आम्हाला वाटलं कोळ्याचं जाळं.

---

शहाद्याचा_नांगर | ५ जानेवारी, दुपारी १:२०

एक शंका. आमच्याकडे भुईमुगात आणि हरभऱ्यात बुडाशी पांढरी बुरशी येते आणि तिच्यावर मोहरीसारखे दाणे दिसतात. कृषी सहायकांनी पण 'मोहरीच्या दाण्यासारखे' असंच सांगितलं होतं. मग ही तीच का? मोहरीतच मोहरीचे दाणे, गंमत आहे.

---

गिरणाकाठची | ५ जानेवारी, दुपारी २:१०

नाही दादा, ती वेगळी. तुम्ही म्हणता ती स्क्लेरोशियम रोल्फसाय, तिला आपण बुडकूज म्हणतो. तिचे दाणे गोल, तपकिरी आणि बाहेर, जमिनीला लागून असतात. ती उष्णतेची बुरशी, पेरणीनंतर जमीन गरम आणि ओली असली की कोवळी रोपं खाते. बोरीकाठ यांच्याकडच्या गाठी मोठ्या, वेड्यावाकड्या, काळ्या आहेत आणि खोडाच्या पोटात आहेत. ही थंडीत वाढणारी. १५ ते २५ अंश तापमान तिला मानवतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत दिसते.

माझ्या माहेरी चाळीसगावकडे कोबीच्या गड्ड्यावर हीच बघितली आहे. गड्डा वरून ओला, त्यावर कापूस, कापसात काळे खडे.

---

सातपुडा_पायथा | ५ जानेवारी, दुपारी ३:०५

फ्लॉवरचं खोड पण पोकळ निघतं आमच्याकडे. ते पण हेच का?

---

गिरणाकाठची | ५ जानेवारी, दुपारी ३:२२

आत गाठी आणि बुरशी नसेल, नुसती स्वच्छ पोकळी असेल आणि कडा तपकिरी असतील तर ती बहुतेक बोरॉनची कमतरता. चिकट पाणी आणि घाण वास असेल तर जिवाणूची सड. म्हणजे पोकळ दिसलं म्हणून एकच औषध असं नाही.

---

विनिपेगहून_चोपडा | ५ जानेवारी, संध्याकाळी ७:४०

ताईंनी छान वेगळं करून सांगितलं. त्याच धर्तीवर इकडचं सांगतो, कारण आमच्याकडे एकाच शेतात खोडाचे तीन रोग सापडतात आणि अनुभवी माणूसही लांबून बघून चुकतो.

कापणीच्या आधी मी शेतात इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात चालतो. ठरावीक अंतरावर काही झाडं उपटतो, मूळ झटकतो आणि बागेच्या कात्रीने जमिनीच्या रेषेवर आडवं कापतो. कापलेल्या चकतीत काळा डाग दिसला तर तो ब्लॅकलेग. डाग किती भागात पसरलाय त्यावरून ० ते ५ गुण देतात. अर्ध्याहून जास्त चकती काळी म्हणजे उत्पादन नक्की घटलं. या रोगाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम ऑस्ट्रेलियातला तेव्हा नवा असलेला हा धंदाच बसवला होता. २००९ मध्ये चीनने याच रोगाचं कारण देऊन कॅनडाच्या कनोलावर निर्बंध घातले, तेव्हा इकडच्या शेतकऱ्यांची झोप उडाली होती.

दुसरा व्हर्टिसिलियम. तो मॅनिटोबात २०१४ मध्ये पहिल्यांदा सापडला. त्यात खोडाची एकच बाजू फिकी पडते, अर्धं खोड हिरवं आणि अर्धं पिवळं. पिकल्यावर साल सोलली की खाली बारीक मिरपूड शिंपडल्यासारखं काळं. आप्पांनी खडखड्याची जी कोळशाची भुकटी सांगितली, ती वाचताना मला हेच आठवलं. दिसायला सारखं, पण तुमचा खडखड्या उष्णतेचा आणि पाणी तुटण्याचा रोग आहे.

तिसरा आपला स्क्लेरोटिनिया. त्याची काळी गाठ सुटी असते, खोड उलटं केलं की खडखडत बाहेर पडते.

काळं कुठे आहे हे बघायचं. चकतीत, सालीखाली की पोकळीत.

---

दादरवाला_आप्पा | ५ जानेवारी, रात्री ८:३०

वा पोरा, बर्फात बसून बी खानदेशच्या वावरमा लक्ष शे तुन्हं.

मला एक सांग. ही बुरशी दादरला लागते का? आमच्या तापीकाठी दादरनंतर मोहरी आणि मोहरीनंतर दादर असं फिरवायचा विचार चाललाय.

---

विनिपेगहून_चोपडा | ५ जानेवारी, रात्री ८:५५

आप्पा, नमस्कार करतो. दादरला लागत नाही. ज्वारी, गहू, मका, बाजरी या गवतवर्गीय पिकांना ती लागत नाही. म्हणजे खानदेशचा फेरा मुळात चांगला आहे, फक्त हरभरा-वांगी-मोहरी अशी ओळ लागता कामा नये. गाठी जमिनीत ४-५ वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगतात. एका वर्षाच्या दादरने सगळ्या मरणार नाहीत. पण दरवर्षी काही उगवतात, यजमान मिळत नाही आणि संपतात.

---

शहाद्याचा_नांगर | ५ जानेवारी, रात्री ९:१५

खोल नांगरट करा ना. चैत्र-वैशाखात नांगरून ढेकळं तापू दिली की सगळं मरतं. आमच्या आजोबांपासून हेच चालत आलंय. ४५ अंशात काय वाचणार?

---

जळगाव_तेलबिया | ५ जानेवारी, रात्री ९:५०

मी तेलबिया पिकांच्या कामात बरीच वर्षं आहे, नाव लिहीत नाही. नांगरटीबद्दल थोडं वेगळं मत मांडतो.

गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा खोल गेली की तिची छत्री वर येऊ शकत नाही, हे बरोबर. म्हणून खोल गाडणं उपयोगी. पण पुढच्या वर्षी पुन्हा तितकीच खोल नांगरट केली की गाडलेली गाठ वर येते, आणि खाली गाडलेली गाठ जास्त वर्षं टिकते. म्हणून एकदा खोल, नंतर दोन-तीन वर्षं वरवरची वखरणी असा क्रम ठेवा.

उन्हाबद्दल. कोरड्या मातीतली गाठ ऊन बऱ्यापैकी सोसते. ओलावा आणि उष्णता एकत्र आली की ती लवकर मरते. १० गुंठ्यांचा कोपरा असेल तर उन्हाळ्यात एक पाणी देऊन त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरून ५-६ आठवडे ठेवता येईल. दोन एकरांना तो खर्च परवडत नाही. नवापूरकडे भात होतो तिथे तर निसर्गच मदत करतो, काही आठवडे पाण्याखाली राहिलेल्या गाठी कुजतात.

रोटाव्हेटर मात्र आत्ता त्या कोपऱ्यात अजिबात नको. एका खोडातल्या ११ गाठी तुम्ही दोन एकरांत वाटून द्याल.

---

शहाद्याचा_नांगर | ५ जानेवारी, रात्री १०:१०

ओलं ऊन आणि कोरडं ऊन हा फरक माहीत नव्हता. मी दरवर्षी नांगरत होतो. आता वखरावर येतो.

---

बोरीकाठ | ६ जानेवारी, सकाळी ७:३०

सगळ्यांचे आभार, रात्री वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते गप्प बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "रात्रीचं पाणी मीच भरलं." मला फार वाईट वाटलं. थंडीत कुडकुडत त्यांनी दारं धरली ती पिकासाठीच ना.

आता या हंगामात नेमकं काय करू? आणि बी घरचंच ठेवायचा विचार होता, ते ठेवू का?

---

जळगाव_तेलबिया | ६ जानेवारी, सकाळी ९:०५

वडिलांना सांगा, फुलोऱ्यात पाणी देणं चूक नव्हतं. मोहरीला फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पाणी लागतंच. चूक झाली ती साचू देण्यात. पुढे उताराला चर काढा, सरीतून हलकं पाणी द्या. आता शेंगा भरायला एक पाणी हवं असेल तर द्या, पण निंबाकडची बाजू बंद ठेवा.

आजपासून कोपऱ्यातली वाळलेली झाडं उपटायला घ्या. ओढत नेऊ नका, जागेवर ताडपत्री पसरून तिच्यावर ठेवा आणि ताडपत्रीसकट बाहेर काढा. बांधावर टाकू नका, उकिरड्यात तर मुळीच नको, नाहीतर शेणखताबरोबर सगळ्या वावरात जाईल. जाळा.

कापणी करताना चांगला भाग आधी कापा, त्याचं खळं वेगळं करा. कोपऱ्यातलं शेवटी. त्यातलं बी ठेवू नका, तेल काढा. मळणीत या गाठी दाण्यांत मिसळतात, चाळणीने बऱ्याच निघतात पण बारीक तुकडे राहून जातात. बियाणं म्हणून गेल्या तर पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःच्या हाताने पेराल.

---

पारोळ्याची_पऱ्हाटी | ६ जानेवारी, सकाळी ९:४०

जाळायचंच आहे तर भरीत भाजा त्यावर! पऱ्हाट्यांवर भाजतो तसं. अमळनेरला येतोच आम्ही, दादरच्या भाकरी आप्पा आणतील.

---

दादरवाला_आप्पा | ६ जानेवारी, सकाळी १०:००

भाकरी आणतो, पण वांगी त्या कोपऱ्यातली नको.

---

गिरणाकाठची | ६ जानेवारी, सकाळी १०:२०

मोहरीची काडी भसकन पेटून विझते हो, वांगं वरून जळेल आणि आतून कच्चं राहील. कपाशीच्या काड्यांचा निखारा टिकतो. ही काडी पेटवणीला घ्या, वर पऱ्हाट्या टाका.

---

मधपेटी_साक्री | ६ जानेवारी, दुपारी १२:१५

धागा आवडीने वाचतेय. मी मधमाश्यांच्या पेट्या ठेवते, मोहरी हा आमचा थंडीतला मोठा आधार. पुढच्या वर्षी फुलोऱ्यात फवारणी करायची असं ठरलं तर एक कळकळीची विनंती. बुरशीनाशक असलं तरी सकाळी फुलांवर माश्या असताना मारू नका, सूर्य मावळताना मारा. त्यात 'जोडीला' म्हणून कीटकनाशक मिसळू नका. आणि जवळपास कुणाच्या पेट्या असतील तर आदल्या दिवशी एक फोन करा. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या फवारणीने माझ्या ९ पेट्यांसमोर माश्यांचा सडा पडला होता. त्या माणसाला माहीतच नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं.

---

बोरीकाठ | ६ जानेवारी, दुपारी १२:५०

ताई, नक्की. पण मग पुढच्या वर्षी फवारणी करायची का आणि कधी? इथेच गोंधळ आहे. दिसल्यावर उपयोग नाही, मग न दिसता कशी मारू?

---

जळगाव_तेलबिया | ६ जानेवारी, दुपारी २:३०

भरतपूरच्या मोहरी संशोधन संस्थेची जुनी शिफारस आहे: बियाण्याला किलोमागे २ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, आणि जिथे रोग नेहमी येतो तिथे पेरणीनंतर साधारण ५० आणि ७० दिवसांनी लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात फवारणी. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५ ग्रॅम. खरेदी करताना डब्यावरचं लेबल बघून घ्या.

ज्यांना रसायन नको त्यांच्यासाठी त्याच संस्थेने लसणाच्या २ टक्के अर्काची बीजप्रक्रियाही सांगितली आहे. २० ग्रॅम लसूण वाटून एक लिटर पाण्यात.

ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वापरणार असाल तर एकरी १ किलो, चांगल्या कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळून पेरणीआधी जमिनीत. तो या गाठी खातो. पण एकाच बियाण्याला कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा दोन्ही लावू नका. एका हाताने पेरायचं आणि दुसऱ्या हाताने मारायचं असं होतं.

---

विनिपेगहून_चोपडा | ६ जानेवारी, संध्याकाळी ७:१०

'न दिसता कशी मारू' हाच प्रश्न इकडचा प्रत्येक शेतकरी विचारतो. आम्ही २० ते ५० टक्के फुलोरा ही वेळ धरतो, म्हणजे पाकळ्या भरपूर गळायच्या आधी. पण दरवर्षी फवारत नाही. चार गोष्टी बघतो. या शेतात किंवा शेजारी आधी रोग होता का, पीक दाट आहे का, गेल्या दोन आठवड्यांत जमीन ओली राहिली का आणि पुढे ढगाळ किंवा पावसाळी हवा आहे का. सकाळी १० वाजता पिकात गुडघ्यापर्यंत शिरायचं. पँट ओली झाली तर काळजीचं कारण, कोरडी राहिली तर पैसे वाचवा. सगळी मोजमापं एकीकडे आणि ही पँट एकीकडे, पण ती क्वचितच खोटं बोलते.

तुमच्याकडे तर सोपं आहे. निंबाचा कोपरा तुम्हाला माहीत आहे. पुढे कधी मोहरी केली तर पन्नासाव्या दिवसाच्या आधी तिथे वाकून जमिनीवर बघा. चहाच्या रंगाच्या, पाव ते अर्धा इंचाच्या बशा दिसल्या तर थांबू नका.

पेरणी पण दाट नको. बी किती टाकलं होतं?

---

बोरीकाठ | ६ जानेवारी, रात्री ८:००

एकरी ४ किलो. दुकानदार म्हणाला उगवण कमी असते. विरळणी केली नाही, मजूर मिळाले नाहीत. डिसेंबरअखेर वारा आला त्यात निंबाकडची बाजू आडवी पण झाली होती.

---

जळगाव_तेलबिया | ६ जानेवारी, रात्री ८:२५

एकरी २ किलो पुरतं. ४५ सेंटिमीटरवर ओळी, दोन झाडांत १० ते १५ सेंटिमीटर. दाट पीक एकमेकांवर रेलतं, आडवं झालं की एका खोडाची बुरशी चिकटून दुसऱ्या खोडात जाते. नत्र जास्त पडलं तरी हेच होतं.

---

सातपुडा_पायथा | ७ जानेवारी, सकाळी ८:४५

या रोगाला न बळी पडणारी जात नाही का? त्या कनोलाची चर्चा ऐकतो, 'डबल झीरो' वगैरे. ती घेतली तर?

---

विनिपेगहून_चोपडा | ७ जानेवारी, सकाळी १०:३०

'डबल झीरो'चा रोगाशी संबंध नाही. तेलातलं इरुसिक आम्ल २ टक्क्यांच्या आत आणि पेंडीतलं ग्लुकोसिनोलेट (झणझणीतपणा देणारं द्रव्य) कमी, म्हणून दोन शून्यं. कॅनडात १९७० च्या दशकात असं वाण तयार झालं आणि १९७८ मध्ये 'कनोला' हे नाव पडलं. आपल्याकडेही पुसा डबल झीरो मोहरी ३१ आली आहे. तेलाची चव सौम्य लागते. पण बुरशीला चव कळत नाही, ती दोन्ही खाते. पूर्ण प्रतिकारक जात इकडेही नाही, थोडं सोसणाऱ्या आहेत.

---

गिरणाकाठची | ७ जानेवारी, सकाळी ११:००

आणि बिनझणझणीत मोहरीची फोडणी लोणच्याला चालायची नाही. आमच्या घरी तरी बंड होईल.

---

बोरीकाठ | २३ फेब्रुवारी, रात्री ९:००

धागा वर आणतोय, शेवट सांगायचा राहिला होता.

जानेवारीत तीन दिवस घरातले चौघं मिळून कोपऱ्यातली झाडं काढली. ताडपत्रीच्या १४ फेऱ्या झाल्या. फवारणी केली नाही. दुकानदाराने बुरशीनाशक आणि कीटकनाशक परत घेतलं, टॉनिक घेतलं नाही. रोग साधारण १२ गुंठ्यांत राहिला, पुढे तुरळक झाडं गेली पण पट्टा वाढला नाही. चांगल्या भागाचं खळं वेगळं केलं, तिथून ९ क्विंटल ४० किलो निघाली. कोपऱ्यातली सव्वा क्विंटल, दाणा चिमट. ती घाण्यावर दिली. चाळणीत राहिलेल्या गाठी एका बरणीत भरून ठेवल्यात. गावात कुणी खोडकूज विचारायला आलं की वडील आता बरणी काढून दाखवतात आणि आधी विळा मागतात.

येत्या रब्बीत तिथे दादर. त्यानंतर गहू. हरभरा विहिरीपलीकडच्या वावरात हलवतोय. निंबाच्या खालच्या फांद्या छाटल्या आहेत, झाड तोडायला आईने नाही म्हटलं. उताराला चर काढून झाला.

आप्पा, दादरचं बी तुमच्याकडे मिळेल का?

---

दादरवाला_आप्पा | २३ फेब्रुवारी, रात्री ९:२५

मिळेल. मन्हा वावरमा यंदा दादर बेस शे, कणसं दाणेदार. मार्चअखेरीला खळं होईल. २ एकराला ८ किलो बाजूला काढून ठेवतो. पैसे नको, ती बरणी तेवढी दोन दिवस दे. आमच्या गल्लीत पाच जण हरभरा करतात, त्यांना दाखवायची आहे.

---

बोरीकाठ | २३ फेब्रुवारी, रात्री ९:३१

बरणी घेऊन मीच येतो आप्पा. झाकण घट्ट लावून.